तेत्री

आधी काळी मखमल.
तिच्यावर खोडरबराचा तुकडा, तुकड्यावर नाणं,
म्हणजे ते तरंगतं; सावली पडते, पण दिसत नाही.
मग पंचेचाळीस अंशांत काच,
बाजूने दिवा,
आणि मी, श्वास धरून.

कुटाइसीत लोकांना वाटतं, म्हातारीला खूळ लागलंय.
लागलंय.
एकतीस वर्षं मी दातांचे साचे केले,
प्लास्टरमध्ये अनोळखी माणसांचे जबडे वाचले:
हा झोपेत दात खातो,
ही डावीकडून चावत नाही.
नाणंही तसंच वाचायचं.
कुणाच्या कनवटीला किती राहिलं,
कुठल्या अंगाने झिजलं,
ठसा मारणाऱ्याचा हात कितव्या घणाला थकला.

आमच्या भाषेत तेत्री म्हणजे पांढरं.
अडीच हजार वर्षांपूर्वीची ही चिमुकली चांदी, ती तेत्री,
आणि पाववाली सुट्टे परत देते, तीही तेत्रीच.
एका अंगाला मुलीचं डोकं,
बदामी डोळा, ओठ किंचित रुसलेले.
दुसऱ्या अंगाला बैल.
वजन दोन ग्रॅमच्या जरा वर,
सोन्याच्या एका दाढेइतकंही नाही.

शेजारचा बेसिक परवा आपलं नाणं घेऊन आला. लखलखत होतं.
"रात्रभर त्केमालीत बुडवलं," म्हणाला.
आंबट आलुबुखारांची चटणी, त्याच्या आईच्या हातची.
खाचांमधला काळेपणा गेला होता
आणि त्याच्याबरोबर डोळा, ओठ, रुसवा.
मी काही बोलले नाही. फोटो काढून दिला.
संध्याकाळी त्याची आई आली,
त्याच चटणीची बाटली ठेवून गेली.

माझ्याकडे त्रेचाळीस नाणी आहेत, फोटो हजाराच्या वर.
रात्री लिलावांच्या याद्या चाळते,
घ्यायला नव्हे, पेन्शन ती केवढी.
एकच नाणं शोधते.

बाबांचं.
रिओनीच्या काठी वेल लावताना कुदळीला लागलेलं.
ब्याण्णवच्या हिवाळ्यात वीज नव्हती, गॅस नव्हता,
फरशीच्या लाकडी पट्ट्या उखडून आम्ही शेगडीत घातल्या.
बातुमीहून एक माणूस आला,
मैद्याची दोन पोती घेऊन.
"थांबा," बाबा म्हणाले, "पोरीला एक फोटो काढू द्या."
जेनिटमध्ये शेवटची एकच फ्रेम उरलेली.
त्यांनी नाणं चिमटीत धरून खिडकीकडे केलं.
माझी बोटं गारठलेली.
अंदाजाने भिंग फिरवलं आणि दाबलं.

फिल्म धुतली ती तीन वर्षांनी. तोवर बाबा नव्हते.
नाणं म्हणजे नुसता धूसर उजेड.
स्वच्छ आला तो अंगठा:
नखावर छाटणीच्या कात्रीची उभी चीर,
चिरेत माती,
पेरावर सुरकुत्यांची तीन वळणं
आणि कडेला भाजल्याचा गुळगुळीत डाग,
जो मी तोवर कधी पाहिलाच नव्हता.

काल एका यादीत एक तेत्री दिसली.
मुलीच्या गालावर ओरखडा. कुदळीचा असू शकेल.
म्युनिकमधल्या कुणाची तरी, किंमत माझ्या सहा महिन्यांची.
मी जुना फोटो काढून शेजारी ठेवला.
पडताळायचं कशाशी?
धुक्याला गाल नसतो.
भिंग घेतलं आणि पुन्हा नखच बघत बसले.

बाबा, त्या दिवशी माझ्याकडे
काय वळवलं होतं तुम्ही?
मुलगी की बैल?
इतक्या वर्षांत हे कुणाला विचारायचं राहिलं,
आणि मैदा तर मार्चपर्यंतच पुरला.

बेसिक उद्या दुसरं नाणं आणणार आहे.
सांगितलंय, धुऊ नकोस.
रबर, मखमल, काच, सगळं मांडून ठेवलंय.
पण एक फोटो आधी हातात धरून काढू, म्हटलं,
कडेने धर,
अंगठा येऊ दे.